आणणाऱ्याचा पहिला घोट

मी काय नोकरी केली असं कोणी विचारलं की आमच्या सौभाग्यवती आजही 'हॉटेल लाईन' असं सांगतात. तसं ते खोटं नाही. मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर मी ज्या परमिट रूममध्ये होतो तिथं जेवण मिळायचं, आणि शेवभाजी तर अशी मिळायची की न पिणारे लोक मागच्या दारानं पार्सल न्यायला यायचे. पण मी काही शेवभाजीचा मॅनेजर नव्हतो, दारूचा होतो. वेटर म्हणून लागलो, काउंटरवर आलो आणि काउंटरवरच केस पिकले. दिवाळी अंकात मास्तरांच्या, डॉक्टरांच्या, फौजदारांच्या आठवणी येतात. बारच्या मॅनेजरला कोण विचारतो? संपादकांचा फोन आला तेव्हा, नंबर चुकला नाही ना, असं मी दोनदा विचारून घेतलं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असायची. कापसाच्या हंगामात एक पिंपळगावकडचे काका यायचे. ते कायम भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणजे ओळखीचा कोणी आला तरी त्याला चेहरा दिसू नये. पण येताना गळ्यात लाल मफलर, हातात भली मोठी छत्री. अख्खं गाव छत्री बघून म्हणायचं, काका बसले वाटतं. दुसरा एक अडत्या होता. ग्लास समोर आला की करंगळी बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचा, पूर्वजांच्या नावानं. एकदा मी त्याला म्हटलं, "शेठ, तुमचे वडील तर माळकरी होते." तो म्हणाला, "म्हणून तर दोनच थेंब देतो बे. जास्त देलं तर रागावतीन."

बाहेरच्या लोकांना वाटतं, बाटली उघडायची, पेग मोजायचा, झालं. अहो, ते पोरगंही करील. कोणाला तिसऱ्यानंतर 'माल संपला' म्हणून सांगायचं, कोणाची गाडीची चावी गोड बोलून काढून घ्यायची, हे खरं काम. आणि त्याहून खरं काम म्हणजे बाटली ओळखणं. महागड्या दारूच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये हलका माल भरून विकणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यामुळे आम्ही आधी झाकण बघतो. मग लेबलचा गोंद, तळाचा गाळ, मालाची पातळी. नव्या बाटलीत माल गळ्यापर्यंत असतो. तो खांद्यावर उतरला असेल तर कोणीतरी हात मारला असं समजायचं.

आणि सगळ्यात शेवटी नाक. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, हात एकमेकांवर चोळायचे आणि ओंजळीत नाक खुपसायचं. स्पिरिट उडून जातं, मागं राहतो तो मालाचा अंगचा वास. खोट्या मालात मागं काहीच राहत नाही, नाहीतर जळक्या साखरेचा वास राहतो. माझं हे नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. लोक परगावाहून आलेल्या बाटल्या घेऊन यायचे, दुबईहून कोणाचा भाचा यायचा, कोणी मिलिटरी कँटीनची आणायचा. मी पीत नव्हतो असं नाही, पण माझं पिणं चमच्यानं.

या धंद्यानं माझ्या दोन्ही मुली शिकल्या, त्याची मला लाज नाही. पण एक गोष्ट मनात राहिलीच. रोज येणारी काही माणसं एक दिवस यायची बंद व्हायची, आणि ती काही दारू सोडल्यामुळे नव्हे. त्यांच्या घरचे लोक बाजारात समोर आले की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. आजही वळतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वऱ्हाडात बैठक बसली की जो बाटली घेऊन येतो त्यानं पहिला घोट घ्यायचा. ही रीत हातभट्टीच्या काळातली आहे. कोणी कशात काय मिसळलं असेल याचा नेम नसायचा, म्हणून विकणाऱ्यानं आधी आपण पिऊन दाखवायचं. पुढं सीलबंद बाटल्या आल्या, भीती गेली, पण रीत राहिली. आणणारा घोट घेतो, 'हं' म्हणतो, मग बाकीचे ग्लास उचलतात. आणणाऱ्यानं घोट घेतला नाही तर समजायचं, काहीतरी काळंबेरं आहे.

एवढं लक्षात ठेवा. आता आबासाहेबांचं सांगतो. हे नाव खरं नाही, यातली सगळीच नावं मी बदलली आहेत आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या सगळ्यांना विचारून लिहितोय.

आबासाहेब जानेफळकडचे मोठे शेतकरी. त्यांच्या तरुणपणी कापूस घेऊन मलकापूरला यायचे आणि काम झालं की आमच्याकडे बसायचे. मोजून दोन पेग, बरोबर भाजलेले शेंगदाणे, कधी आवाज चढला नाही. वेटरला नावानं हाक मारायचे. मात्र स्वभाव असा की एकदा तोंडातून शब्द गेला तर तो ब्रह्मदेवालाही मागं घेता येणार नाही. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, वर्षानं, स्वतःच्या मर्जीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा ते मला म्हणाले होते, "माह्यासाठी ते पोरगी गेली." पुढं सहा वर्षं त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

मी रिटायर झालो. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारचं जेवण व्हायचं होतं आणि मी ओट्यावर पेपर चाळत होतो. आमचं घर स्टेशनच्या अगदी मागं, गाड्यांचे भोंगे घरात ऐकू येतात. दारात एक पांढरी गाडी थांबली आणि आतून हाक आली, "वसंता! हायेस काय बे घरात?"

आबासाहेबच होते. धोतरावर धूळ, दाढी वाढलेली, डोळे लाल. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ओट्यावर बसले, टॉवेल सोडला आणि बाटली माझ्यासमोर ठेवली. तोंडाला बूच नव्हतं, प्लॅस्टिकचा कागद रबरानं बांधला होता.

"हे खरी हाय का खोटी, तेवढं सांग. बाकी मले काही इचारू नको."

मी काही विचारलं नाही. अशा माणसाला विचारलं नाही की तो आपणच बोलतो, हे काउंटरवर उभं राहून राहून मी शिकलो होतो. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती दाराआड थांबली. दोन घोट पाणी पोटात गेलं आणि आबासाहेब सुरू झाले.

"वर्षीच्या नवऱ्यानं आणली. आमच्या घरची बाई सहा वर्षं झाले, पोरीले बलाव, पोरीले बलाव, एकच धोशा. शेवटी म्या म्हटलं, बलाव. आले परवा दोघं. तिकडं स्कॉटलंडात हाय ना तो. दवाखान्यात ब्रदर हाय."

'ब्रदर', म्हणजे पुरुष नर्स, हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जशी काही ती कोणाची नोकरीच नव्हे. शिकलेला मुलगा लोकांची बेडपॅन उचलतो, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. जातीच्या जोडीला हे दुसरं दुखणं.

"काल सांजच्याले वावरात बैठक बसवली. चार भाऊबंद बलावले. म्हटलं, आलाच हाय तर मानपान करा लागते. त्यानं ही काढली. बूच उघडाले गेलो तं अर्धं मोडून आत पडलं. अन् वास सुटला, वसंता! वास म्हंजे काय, टिंचर! आपण जखमेवर लावतो नाई काय, तेच. आमच्या धाकल्यानं म्हटलं, ब्रदरनं दवाखान्यातलंच काहीतरी भरून आणलं. सारे हासले. म्या त्याले म्हटलं, आण, तूच घे पहिला घोट. तं यानं हात जोडले. म्हणे, मी घेत नाही. काऊन घेत नाही? गप. पुन्हा इचारलं, तरी गप. मान खाली."

"मग?"

"मंग बोललो म्या काहीतरी."

"काय बोललात?"

आबासाहेब बाटलीच्या तोंडावरचं रबर ओढत बसले.

"सकाळी उजाडत नाही तं दोघं जीप करून निंघाले. पोरगी जातानी मायले म्हणे, आता माह्यं माहेर संपलं. दुपारची मुंबईची गाडी हाय त्याईची, इथूनच. परवा इमानात बसतीन. आता काही येत नाही ते."

"आणि तुम्ही?"

"म्या? म्या तुले बाटली दाखवाले आलो."

दाराआडून माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. जानेफळकडून मेहकर, बुलढाणा, मग राजूरचा घाट उतरून मलकापूर. बाटली दाखवायला कोणी एवढ्या लांब येतं काय? आणि तेही नेमकं मुलगी ज्या स्टेशनावर बसली आहे त्याच गावी? माणूस जीपच्या मागं मागं आला होता, आणि स्टेशनवर जायची हिंमत झाली नाही म्हणून माझ्या ओट्यावर चढला होता. बायकोनं अंगाभोवती शाल घेतली. "साखर संपली. घेऊन येते," म्हणाली आणि निघाली. साखरेचा डबा मी कालच काठोकाठ भरला होता.  या बाईनं माझ्या धंद्याला जन्मभर नाकं मुरडली, पण माणूस ओळखण्यात ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढंच.

मी बाटली हातात घेतली.

काय सांगू तुम्हाला, एकही खूण धड नव्हती. लेबल पिवळं पडलेलं, कडा तपकिरी. अक्षरं जुन्या वळणाची. माल खांद्याच्याही खाली, आणि काल तर कोणी प्यालंच नव्हतं. बूच कुजकं, त्याचे तुकडे आत तरंगत होते. रंग फिक्का, वाळल्या गवतासारखा. अशी बाटली काउंटरवर आली असती तर मी आणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावला असता. मी प्लॅस्टिक काढलं आणि खरंच, भपकारा आला. टिंचर, मलमपट्टी, पावसाळ्यातल्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. आबासाहेब माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"सांगतलं होतं ना तुले," ते म्हणाले. पण त्या आवाजात जिंकल्याचा जोर नव्हता.

मी म्हटलं थांबा, आणि स्वच्छ फडक्यातून थोडी गाळून वाटीत घेतली. दोन थेंब तळहातावर टाकले आणि चोळले.

पहिल्यांदा तेच टिंचर. ते उडून गेलं. त्याच्या मागं धूर आला. लाकडाचा नाही, मातकट धूर. मी ओंजळ तोंडावर धरून बसलो. खोटा माल असता तर एव्हाना हात कोरडे, वास खलास. इथं तर उलटंच चाललं होतं. धूर मंद झाला आणि त्याच्या खालून भाजल्या दाण्याचा गोडूस वास वर आला, शेतात हरभऱ्याचा टहाळ पेटवून हुळा करतो ना, तसा. मग किंचित खारं काहीतरी. किती वेळ झाला तरी हात वास सोडीनात.

मला आठवलं. एकदा एका कंपनीच्या माणसानं आम्हा मॅनेजर लोकांना अकोल्यात हॉटेलमध्ये बोलावून माल समजावून दिला होता. त्यानं सांगितलं होतं की स्कॉटलंडात काही ठिकाणी दलदलीची माती असते, कुजल्या गवताची. ती विटांसारखी कापतात, उन्हावाऱ्यात वाळवतात आणि आपण गोवऱ्या जाळतो तशी जाळतात. तिच्या धुरावर ओलं धान्य सुकवून त्याची दारू काढतात, म्हणून तिला धुराचा आणि औषधाचा वास लागतो. त्या दिवशी त्यानं चाखायला दिलेली अगदी सौम्य होती, धूर आहे म्हणून सांगावं लागलं होतं. इतका उघडा, इतका ठाम वास मी कधीच घेतला नव्हता. म्हणजे ही तीच? का कोणी खरंच त्यात औषध मिसळलं? खुणा एक सांगत होत्या, हात दुसरं सांगत होते.

आता चाखल्याशिवाय इलाज नव्हता. आणि खरं सांगतो, मी घाबरलो. भलत्या दारूनं डोळे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण समोर हा म्हातारा बसला होता, आणि माझ्या 'हो'-'नाही'वर त्याची मुलगी माहेराला येणार की नाही हे ठरायचं होतं. मी आतून काचेचा ग्लास आणला, त्यात बोटभर ओतली आणि मोठ्यानं म्हटलं, "आबासाहेब, आणणारा इथं नाही. त्याच्या वतीनं पहिला घोट मी घेतो."

त्यांनी मान वर केली.

घोट जिभेवर ठेवला. अरे बापरे! आधी तर वाटलं, जळता कोळसा चाटला. मग तोंडभर धूर, नाकातून बाहेर येणारा. मी गिळली नाही, फिरवत राहिलो. हळूहळू धार गेली. काकवीसारखं गोड काहीतरी जिभेच्या कडांना लागलं आणि मागं मिठाची चव. चमचाभर पाणी घातलं आणि पुन्हा घेतली, तेव्हा तर ती टिंचरची बात कुठल्या कुठं गेली. गोवरीची राख, भाजकं धान्य, मध. गिळल्यावरही बराच वेळ घशात ऊब. नव्या मालाला इतकी शांती नसते. ही वर्षानुवर्षं कोणाच्या तरी कपाटात उभी होती. बूच सुकलं, माल थोडा थोडा उडत गेला, म्हणून पातळी उतरली. ज्या खुणांवर मी तिला खोटी ठरवत होतो त्या म्हातारपणाच्या खुणा होत्या. मला फार फार आनंद झाला, तो लपवत नाही. सगळा जन्म मी बरा माल आणि वाईट माल वेगळा करण्यात घालवला, आणि हे असलं काही रिटायर झाल्यावर माझ्या ओट्यावर चालून आलं!

"बोल ना बे," आबासाहेब म्हणाले.

"खरी आहे. शपथेवर नाही सांगणार, मी काही तिकडचा नाही. पण माझ्या हयातीत अशी वस्तू माझ्या काउंटरवर आली नाही. घ्या तुम्ही."

त्यांनी ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, डोळे मिटून एक घोट घेतला. खोकले. मग थांबले. दुसरा घोट लहान घेतला आणि कितीतरी वेळ तोंडात धरला.

"धुपट लागते," ते म्हणाले. मग नवल करत म्हणाले, "वसंता, रोडग्याचा वास येऊन राह्यला बे याले! गोवऱ्याच्या आरातून काढला का जसा येते, तसा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोडगे म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. आमच्याकडं शेतात पंगत बसते ती रोडग्यांची. मी त्यांना त्या मातीच्या विटांचं सांगितलं. ते लहान पोरासारखे ऐकत होते. म्हटलं, चला, खुलले. पण मग एकदम त्यांचा चेहरा उतरला आणि ग्लास खाली ठेवला.

"खरी हाय तं मंग त्यानं घोट काऊन नाही घेतला?"

"मी सांगते."

फाटकात वर्षा उभी होती आणि तिच्या मागं आमची बायको, साखरेविनाच. मुलगी आत आली, पण ओट्यावर चढली नाही. खालीच, बापासमोर उभी राहिली. रडून डोळे सुजलेले, आवाज मात्र घट्ट.

"आबा, त्यांचे वडील दारूपायी गेले. निलेश दहावीत होते तेव्हा. घरात रोज मारहाण, भांडी फोडणं, सगळं. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या, त्या निलेशनीच धुतल्या. तेव्हा आईच्या पायाला हात लावून सांगितलं, थेंब घेणार नाही. आजवर नाही घेतला. नर्सिंगला गेले तेही त्यामुळंच."

"मंग सांगाचं नाही काय तसं?" आबासाहेबांचा आवाज बसला होता.

"कोणाले सांगाचं? त्या भाऊबंदांमध्ये? आधीच तुम्ही जातीवरून बोलता, त्यात म्हणावं, माझा बाप दारूडा होता? कोण सांगीन आबा?"

"मंग आणाची तरी कायले?"

"तुमच्यासाठी!" आता मात्र तिचा बांध फुटला. "त्यांच्या वॉर्डात एक म्हातारे होते. चार महिने यांनी त्यांना आंघोळी घातल्या, भरवलं. घरी जाताना त्यांनी ही दिली. म्हणाले, माझ्या बापानं कपाटात ठेवलेली, तुझ्याइतकं माझं कोणी केलं नाही. यांनी लाख सांगितलं की मी घेत नाही, तर ते म्हणाले, ज्याला तू मानतोस त्याला दे. आमच्याकडं तिथं ओळखीचे कितीतरी जण होते, सगळे मागत होते. यांनी दोन वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. म्हणे, आबा कधीतरी बोलावतील. आणि तुम्ही चार माणसांत म्हणालात, माझ्या दारात विष घेऊन आला."

तर हे बोलले होते ते. मी खाली बघितलं. निलेशचं मूळ गाव पिंपळगाव राजा, हे लग्नाच्या वेळीच कानावर आलं होतं, आणि ते इथून फार लांब नाही. त्याचा बाप माझ्याच काउंटरवर बसत नसेल कशावरून? मी तिला तसं काही विचारलं नाही, विचारून करणार काय होतो. पण जिभेवरची ती गोड चव गेली आणि मला त्या ग्लासाकडं बघवेना.

आबासाहेब खाली उतरले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती मागं सरली.

"मले नका काही सांगू. चार माणसांत बोललात, आता माझ्या कानात बोलून फिटत नाही."

तेवढ्यात गाडीचा पुकारा झाला. ती तशीच वळली आणि स्टेशनकडं चालू लागली. आबासाहेब मग ड्रायव्हरला थांब म्हणाले आणि धोतराचा सोगा हातात धरून तिच्या मागं निघाले, अक्षरशः पळत. मी चपला सरकवून मागं. या वयात पादचारी पूल चढणं म्हणजे चेष्टा नाही. मधल्या कट्ट्यावर त्यांनी कठड्याला धरलं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी म्हटलं, जरा दम घ्या. त्यांनी माझा हात झटकून टाकला.

निलेश बाकाजवळ उभा होता, पायाशी दोन बॅगा. सावळा, सडपातळ, साधा मुलगा. सासऱ्याला पाहून त्यानं नमस्कारासाठी हात अर्धे उचलले आणि थांबला. आता हे काय बोलणार, असंच त्याच्या तोंडावर होतं. त्याचा मला मनापासून कळवळा आला.

आबासाहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि धाकट्या भावाला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जात होतं.

"धाकल्या, कुठी हायेस? अन् काल बैठकीतले बाकीचे? बसले हायेत पारावर? हाव, मंग फोन वर धर, साऱ्याले ऐकू जाऊ दे. मी आबा बोलून राह्यलो. काल म्या जावयाले जे बोललो ते चूक होतं. माह्यी चूक हाय. बाटली खरी हाय, म्या सोता पिऊन पाह्यली, अन् तेच्यासारखी तुमच्या बापजन्मात तुमाले भेटत नाही. त्यानं घोट काऊन नाही घेतला, तेही मले समजलं. ते माह्यापाशी राहीन, तुमाले सांगाची गरज नाही. पण त्याचा मान माह्यापरीस मोठा हाय, एवढं ध्यानात ठेवा. यापुढं कोणी हासलं तं माह्याशी गाठ हाय."

पलीकडून 'हाव दादा, हाव दादा' ऐकू आलं. आबासाहेबांनी फोन बंद केला. वर्षा तोंडाला पदर लावून उभी होती. निलेश जागचा हलला नाही. आपला बाप यांना कळला आणि यांनी तो चारचौघांत उघडा केला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याचे डोळे भरून आले.

गाडी आली. डबे समोर थांबले, चढणाऱ्यांची झुंबड उडाली. वर्षानं निलेशकडं बघितलं. निलेशनं वाकून एक बॅग उचलली.  म्हटलं, गेली पोरगी.

पण बॅग उचलता उचलता त्याची नजर आबासाहेबांच्या चेहऱ्यावर गेली. म्हाताऱ्याला घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. निलेशनं बॅग तिथंच टाकली.

"बसा. आबा, इथं बसा आधी. सकाळची गोळी घेतली का बीपीची? काही खाल्लं का?"

"गोळी? नाही. निंघालो तसाच."

निलेश त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. सदऱ्याचं बटण मोकळं केलं, मनगट हातात घेतलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडं बघत मोजू लागला.  दुसरा हात आबासाहेबांनी उचलला आणि भीत भीत जावयाच्या खांद्यावर ठेवला.

भोंगा झाला. वर्षा नवऱ्याकडं बघत होती, नवरा घड्याळाकडं. मुंबईची गाडी हलली, डबे एकेक करून समोरून गेले, आणि निलेशनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.